दोन धावांचं षटक

29 जून 2024 ला बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-ट्वेन्टी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यातलं दक्षिण आफ्रिकेच्या डावाचं अठरावं षटक जसप्रीत बुमराने टाकलं. त्यात दोन धावा गेल्या आणि मार्को यान्सनचा त्रिफळा उडाला. षटक सुरू होताना दक्षिण आफ्रिकेला 18 चेंडूंत 22 धावा हव्या होत्या, संपलं तेव्हा 12 चेंडूंत 20. म्हणजे षटकामागे सव्वासात-साडेसात धावांचं काम एकदम दहावर गेलं. त्या षटकातले सहाच्या सहा चेंडू सलग दाखवणारे हायलाइट्स मला आजवर पाहायला मिळालेले नाहीत. यान्सनचा त्रिफळा दाखवतात. बाकीचे पाच चेंडू कापलेले असतात. माझी तक्रार त्या पाच चेंडूंबद्दल आहे.

घरी हे बोलले की भाचा म्हणतो, मावशी, त्यात दाखवण्यासारखं काय आहे, रनच गेले नाहीत. तेच तर दाखवण्यासारखं आहे. एका डावात 120 चेंडू असतात आणि एका गोलंदाजाला त्यातले फार तर 24 मिळतात. समोर डेव्हिड मिलर आहे, जिंकायला षटकामागे आठ धावाही लागत नाहीत, आणि अशा वेळी सहा चेंडूंत दोन धावा देणं हे कुठल्याही षटकारापेक्षा अवघड काम आहे. षटकार एका चेंडूत होऊन जातो. दोन धावांच्या षटकात सहा वेळा अचूक राहावं लागतं, आणि पाच वेळा अचूक राहून सहाव्याला चूक झाली तर चार धावा जातात आणि सगळं मुसळ केरात. हे काम करणाऱ्याचे पाच चेंडू कापणं मला पटत नाही, आणि ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ हेही पटत नाही.

याची सुरुवात जाहिरातींपासून होते. षटक संपलं की जाहिरात लागते आणि पुष्कळदा ती संपते तेव्हा पुढच्या षटकातल्या पहिल्या चेंडूसाठी गोलंदाज धावत निघालेला असतो. वाहिनीचं नाव मी घेत नाही, कारण हे कमीअधिक प्रमाणात सगळीकडेच चालतं. त्या अर्ध्या मिनिटात मैदानावर काय काय होतं, याची कल्पना पडद्यावरून येत नाही. कर्णधार आणि गोलंदाज बोलतात. थर्डमॅन आत येतो, पॉइंट सीमारेषेवर जातो, लाँगऑन दहा पावलं सरळ सरकतो. ऑफच्या बाहेर यॉर्कर टाकायचा ठरला तर क्षेत्ररक्षण एक, आखूड चेंडू अंगावर आणायचा ठरला तर दुसरं. पहिल्या सहा षटकांत दोघेच बाहेर ठेवता येतात, नंतर पाच. त्यामुळे एक माणूस इकडचा तिकडे गेला की मैदानाचा एक तुकडा उघडा पडतो, आणि तिथे फटका जाऊ द्यायचा नाही ही जबाबदारी चेंडूवर येते. क्षेत्ररक्षणाची ती मांडणी म्हणजे गोलंदाजाने आधीच लिहून दिलेलं उत्तर असतं. ते न बघता नुसता चेंडू बघितला तर फलंदाजाने तो का सोडला, का चुकवला, काहीच कळत नाही. मग समालोचक म्हणतो, ‘डॉट बॉल’, आणि विषय संपतो. षटकार मात्र चार कोनांतून दाखवतात, किती मीटर गेला ते सांगतात, आणि प्रेक्षकांतल्या ज्या मुलाने चेंडू पकडला त्याचा चेहराही दाखवतात. त्या मुलाचा आनंद मला कळतो. त्यातला एक कोन कमी करून मैदानाचं एक दृश्य द्यावं, इतकंच माझं मागणं आहे.

दुसरा त्रास फोनवरच्या स्कोअरच्या ॲपचा. कामाच्या वेळेत सामना असेल तर ऑफिसात सगळ्यांचा भार त्यावरच असतो. ते ॲप चौकाराला वाजतं, षटकाराला वाजतं, विकेट पडली की वाजतं. निर्धाव चेंडूला वाजत नाही. पाच मिनिटं फोन वाजला नाही की शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो, ‘काय झालं गं?’ आणि कोणीतरी उत्तर देतं, ‘काही नाही.’ या ‘काही नाही’चा मला फार राग येतो. बार्बाडोसला सोळाव्या षटकापासून एकोणिसाव्या षटकापर्यंत बुमरा, हार्दिक पंड्या, पुन्हा बुमरा आणि अर्शदीप सिंग यांनी अनुक्रमे चार, चार, दोन आणि चार धावा दिल्या. चोवीस चेंडूंत चौदा. त्या चोवीस चेंडूंत फोन क्लासन आणि यान्सनच्या विकेटला वाजला असेल, एरवी गप्प. आणि त्याच गप्प चेंडूंत 30 चेंडूंत 30 धावांचा सामना 6 चेंडूंत 16 वर आला.

त्या सामन्याचा गोलंदाजीचा तक्ता मी मुद्दाम इथे मांडते, कारण तो पुरेसा वाचला गेलेला नाही. कुलदीप यादवच्या चार षटकांत 45 धावा गेल्या, अक्षर पटेलच्या चार षटकांत 49 आणि एक बळी. रवींद्र जाडेजाच्या एकमेव षटकात 12. फिरकीवर क्लासन तुटून पडला होता. अक्षरच्या पंधराव्या षटकातच 24 धावा निघाल्या आणि तिथे सामना हातातून गेला, असं सगळ्यांनी धरलं. त्यात गैर काही नव्हतं. आता दुसरी बाजू. बुमरा चार षटकं, 18 धावा, दोन बळी. अर्शदीप चार षटकं, 20 धावा, दोन बळी. हार्दिक तीन षटकं, 20 धावा, तीन बळी. या तिघांची मिळून अकरा षटकं, 58 धावा, सात बळी. ज्या खेळपट्टीवर बाकीच्या नऊ षटकांत शंभराच्या वर धावा गेल्या, तिथे या अकरा षटकांत षटकामागे सव्वापाचच गेल्या. एका अंतिम सामन्यात एकाच संघाच्या गोलंदाजीत एवढी तफावत असावी आणि लोकांच्या तोंडी तिचा उल्लेखही नसावा, हे मला बघवत नाही.

यात कर्णधाराचाही मोठा वाटा आहे आणि त्याबद्दलही पुरेसं बोललं गेलं नाही. शेवटी राखून ठेवलेला गोलंदाज एकोणिसाव्या षटकाला आणायचा, हा टी-ट्वेन्टीतला रुळलेला संकेत. रोहित शर्माने तो पाळला नाही. 30 चेंडूंत 30 असताना त्याने सोळाव्याला बुमरा आणला आणि अठराव्याला त्याचं शेवटचं षटक संपवून टाकलं. शेवटची दोन षटकं बुमराशिवाय टाकायची, हे त्याने डोळसपणे स्वीकारलं. बुमराला मागे ठेवला असता तर एकोणिसावं षटक येईपर्यंत वाचवायला काही उरलंच नसतं. मधल्या सतराव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकने क्लासनला यष्टीमागे झेलबाद केलं. 27 चेंडूंत 52 धावा करून तो परतला. त्या षटकाआधी ऋषभ पंतने गुडघ्याला पट्टी बांधायला खेळ थांबवला होता, ती गोष्ट मात्र पुढे घरोघरी पोचली, कारण रोहितने ती स्वतः टीव्हीवर सांगितली. पंतची हुशारी कौतुकाचीच आहे. पण पट्टीची गोष्ट सगळ्यांना पाठ आणि षटकांच्या क्रमाची कोणाला आठवण नाही, हे क्रिकेट कळणाऱ्या लोकांना शोभत नाही.

फलंदाजांबद्दल माझं काही वाकडं नाही. विराट कोहलीने 59 चेंडूंत 76 धावा केल्या. दुसऱ्याच षटकात केशव महाराजने रोहित आणि पंतला घेतलं, मग रबाडाने सूर्यकुमारला, आणि पाच षटकं व्हायच्या आत भारत 3 बाद 34 होता. त्या वेळी कोणीतरी उभं राहायलाच हवं होतं आणि कोहली उभा राहिला. पण त्या पडझडीत धावगती ज्याने सांभाळली तो अक्षर होता. पाचव्या क्रमांकावर येऊन त्याने 31 चेंडूंत 47 केल्या, चार षटकार मारले, कोहलीबरोबर 72 धावांची भागीदारी केली, आणि डी कॉकच्या थेट फेकीने नॉनस्ट्रायकरच्या टोकाला धावबाद झाला. कोहलीच्या पन्नास धावांना 48 चेंडू लागले, पुढच्या 26 धावा त्याने 11 चेंडूंत काढल्या. शिवम दुबेने 16 चेंडूंत 27 केल्या. अक्षर आणि दुबे नसते तर 176 चा आकडा दिसला नसता. सामनावीर कोहलीला दिलं. संजय मांजरेकर यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं की आपण तो पुरस्कार गोलंदाजाला दिला असता. त्यावरून त्यांना लोकांनी किती बोल लावले! मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं आणि ते मुंबईकर आहेत म्हणून नव्हे. बुमराच्या 4 षटकांत 18 धावा आणि दोन बळी, त्यातला हेंड्रिक्सचा बळी दुसऱ्या षटकात.

तो हेंड्रिक्सचा चेंडू सावकाश बघावा. डावातला नववा चेंडू, म्हणजे अजून अगदी नवा. हात सरळ, मनगट मागे, चेंडू लेग आणि मधल्या यष्टीच्या रोखाने निघतो. हेंड्रिक्स त्या रोखावर बॅट आणतो. दुसरा कोणी असता तरी तिथेच आणली असती. टप्पा पडल्यावर चेंडू बाहेर निघतो, बॅटच्या बाहेरच्या कडेला स्पर्शही न करता पुढे जातो आणि ऑफ यष्टीच्या टोकाला लागतो. कसोटीतल्या पहिल्या सकाळी असा चेंडू पडला असता तर वर्षभर त्याच्यावर लेख आले असते. टी-ट्वेन्टीत पडला म्हणून तो ‘सुरुवातीचं यश’ या दोन शब्दांत संपला.

कोणी म्हणेल, मालिकावीर बुमराच होता, मग रडगाणं कशाला. होता. आठ सामन्यांत 15 बळी आणि षटकामागे 4.17 धावा. एवढे आकडे समोर असताना त्याच्याशिवाय दुसऱ्याला देणं शक्यच नव्हतं. अर्शदीपचे तर 17 बळी होते, स्पर्धेत सर्वांत जास्त, अफगाणिस्तानच्या फझलहक फारूकीच्या बरोबरीने. पण सामन्याच्या रात्री, त्या गरम क्षणी, डोळे कुणाकडे जातात हा माझा मुद्दा आहे. 2007 ते 2024 या काळात टी-ट्वेन्टी विश्वचषकाचे नऊ अंतिम सामने झाले. निखळ गोलंदाजीसाठी सामनावीर ठरले ते दोघे: 2007 ला इरफान पठाण आणि 2022 ला सॅम करन. 2009 ला शाहिद आफ्रिदीने अर्धशतक आणि एक बळी दोन्ही मिळवले. बाकी मुख्यतः फलंदाजीच.

इरफानचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. जोहान्सबर्गला त्या दिवशी गौतम गंभीरने 54 चेंडूंत 75 केल्या होत्या, रोहितने 16 चेंडूंत नाबाद 30. भारत अवघ्या पाच धावांनी जिंकला. अशा सामन्यात 75 धावांना पुरस्कार देणं किती सोपं होतं! तो दिला 16 धावांत तीन बळी घेणाऱ्याला, आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. तेव्हा हा खेळ नवा होता. बघणाऱ्यांची नजर कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत तयार झालेली होती, अन् विकेट घेणाऱ्याचं मोल त्यांना ठाऊक होतं.

पुढे काय झालं ते 2012 ला कोलंबोत दिसलं. वेस्ट इंडीजने 137 धावाच केल्या, त्यात मार्लन सॅम्युअल्सच्या 78. ती खेळी थोर होती, सामनावीर त्याला मिळालं ते रास्तच. पण त्याच सामन्यात अजंता मेंडिसने चार षटकांत 12 धावा देऊन चार बळी घेतले आणि हरला. सुनील नरेनने नऊ धावांत तीन बळी घेतले आणि श्रीलंकेला 101 वर गुंडाळण्यात हातभार लावला. अंतिम सामन्यात असं गोलंदाजीचं जेवण वाढलेलं असताना त्यातलं फक्त श्रीखंड लोकांच्या लक्षात राहिलं.

2014 चा प्रकार मात्र मला अजूनही अस्वस्थ करतो. मिरपूरला श्रीलंकेविरुद्ध अंतिम सामना. भारताच्या 4 बाद 130 धावा झाल्या, त्यात कोहलीच्या 58 चेंडूंत 77. युवराज सिंगने 21 चेंडूंत 11. शेवटच्या चार षटकांत भारताला फक्त 19 धावा करता आल्या. श्रीलंका सहा गडी राखून जिंकली. त्यानंतर युवराजला काय काय ऐकावं लागलं! त्याच्या चंदीगडच्या घरावर दगडफेक झाल्याच्या बातम्या आल्या. ज्याने 2007 ला डर्बनमध्ये एका षटकात सहा षटकार मारले, 2011 चा विश्वचषक जिंकून दिला आणि कॅन्सरमधून उठून पुन्हा मैदानावर आला, त्याच्याबद्दल लोक काय वाटेल ते बोलत होते.

ती चार षटकं कोणी नीट पाहिली? लसिथ मलिंगा आणि नुवान कुलसेकरा यांनी ऑफ यष्टीच्या पार बाहेर, वाइडच्या रेषेच्या आत, जमिनीला टेकणारे यॉर्कर टाकले. एकापाठोपाठ एक. डावखुऱ्या फलंदाजाला हात पोचेल पण ताकद लावता येणार नाही, इतक्या अंतरावर. ऑफला माणसांची भिंत. असा चेंडू मारायला गेलं तर बॅटच्या टोकाला लागून झेल उडतो, सोडला तर पंच वाइड देत नाही. समोर टिच्चून बसलेला कोहलीसुद्धा शेवटच्या षटकांत चेंडूपर्यंत फारसा पोचला नाही. ही श्रीलंकेच्या गोलंदाजीची कमाल होती. पण गोलंदाजाने काही केलं, हे आपण मान्यच करत नाही. त्यामुळे धावा झाल्या नाहीत की त्या फलंदाजाने केल्या नाहीत, असाच अर्थ निघतो, आणि मग एक माणूस दोषी धरावा लागतो. कुलसेकराच्या कौशल्याची दखल न घेण्याची किंमत युवराजने भरली. क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारीतून असली माणुसकीची गोष्ट निघते, म्हणून मी ती क्षुल्लक मानत नाही. सामनावीर त्या दिवशी कुमार संगकारा, 35 चेंडूंत नाबाद 52. शेवटचा टी-ट्वेन्टी आंतरराष्ट्रीय सामना होता त्याचा, आनंदच आहे.

न्यूयॉर्कच्या सामन्याबद्दलही थोडं. 9 जून 2024, भारत सर्वबाद 119, पाकिस्तान 7 बाद 113. खेळपट्टी बाहेरून आणून बसवलेली होती, चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नव्हता, आणि ती चांगली नव्हती हे मलाही मान्य आहे. पण त्या दिवशी आमच्या इमारतीत जो तो ‘काय कंटाळवाणी मॅच’ म्हणत होता, ते मला मान्य नाही. सहा षटकांत 40 धावा हव्या असताना बुमराने पहिल्याच चेंडूवर रिझवानचा त्रिफळा घेतला. दोन षटकांत 21 हव्या असताना एकोणिसाव्या षटकात तीन धावा दिल्या आणि शेवटच्या चेंडूवर इफ्तिखारला परत पाठवलं. चार षटकांत 14 धावा, तीन बळी. जिवाचा आटापिटा म्हणतात तो हाच. 119 वाचवणं हा कंटाळा असेल तर 277 करणं हा काय प्रकार आहे?

277 म्हणजे आयपीएल 2024. 27 मार्चला हैदराबादेत सनरायझर्सने मुंबई इंडियन्सविरुद्ध 3 बाद 277 केल्या, मुंबईने 5 बाद 246. चाळीस षटकांत 523 धावा. षटकामागे तेरा. अशा दिवशी पॅट कमिन्सने चार षटकांत 35 धावा देऊन दोन बळी घेतले आणि बुमराने चार षटकांत 36 दिल्या. मला सांगा, सगळे षटकामागे तेरा देत असताना जो नऊ देतो त्याने काय केलं? त्याने संघाच्या सोळा धावा वाचवल्या. सोळा धावांची खेळी कोणी केली तर धावफलकात ती नावासकट लागते. या सोळा धावा कुठेच लागत नाहीत. शिवाय मुंबईने पहिल्या बारा षटकांत बुमराला एकच षटक दिलं, तोवर हैदराबादने मैदान मारलं होतं. मुंबईची पाठीराखी असण्याचं दुःख मी कोणाला सांगू? गोलंदाजांमधला सर्वांत मोठा माणूस हाताशी असताना त्याला लाँगऑनला उभा करून बाकीच्यांचा मार बघणं फार जिवावर येतं.

महिन्याभराने, 26 एप्रिलला, ईडन गार्डन्सवर कोलकात्याने 261 केल्या आणि पंजाबने त्या पार केल्या. पुन्हा 523 धावा, 42 षटकार. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जॉनी बेअरस्टोच्या 48 चेंडूंतल्या नाबाद 108 आणि शशांक सिंगच्या 28 चेंडूंतल्या नाबाद 68. खेळले दोघे जबरदस्त. पण त्या सामन्यात नरेनने 32 चेंडूंत 71 धावा करून शिवाय चार षटकांत फक्त 24 धावा दिल्या. बाकीच्या गोलंदाजांची पिसं निघत असताना षटकामागे सहा! ते षटकामागे सहा मला त्या 42 षटकारांपेक्षा मोठे वाटतात आणि मी कोणाशीही यावर वाद घालायला तयार आहे.

याच्या मुळाशी नियम आहेत, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. 2023 पासून आयपीएलमध्ये इंपॅक्ट प्लेयर आला. म्हणजे फलंदाजीच्या वेळी एक जादा फलंदाज. आठव्या क्रमांकापर्यंत मारणारे आहेत म्हटल्यावर पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवायला भीती उरत नाही. रोहितने स्वतः सांगितलं की हा नियम त्याला आवडत नाही, दुबे आणि वॉशिंग्टन सुंदरसारख्या अष्टपैलूंना त्यामुळे गोलंदाजी मिळत नाही. सीमारेषेची दोरी आत, नोबॉलला फ्रीहिट, षटकांना उशीर झाला तर बाहेरचा एक क्षेत्ररक्षक कमी. हे सगळं गोलंदाजाच्या डोक्यावर. 2024 ला षटकात दोन बाउन्सरची मुभा दिली, ती एक सवलत, आणि ती फार चांगली निघाली.

एकदा मात्र या माझ्या निर्धाव चेंडूंचं खरं कौतुक झालं. 2023 च्या आयपीएलच्या बाद फेरीत प्रत्येक निर्धाव चेंडूमागे 500 झाडं लावायची घोषणा झाली, आणि पडद्यावर टिंबाच्या जागी छोटं हिरवं झाड येत असे. मला ते अतिशय आवडलं. त्या चार सामन्यांत घरातली पोरं झाडं मोजत होती. एरवी टिंबाकडे ढुंकून न बघणारा माझा भाचा ‘अजून एक, अजून एक’ म्हणत होता. म्हणजे दाखवलं तर लोक बघतात. लोकांना आवडत नाही म्हणून दाखवत नाही, हे कारण तेव्हाच निकालात निघालं.

आकाशवाणीवर बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर मराठीत धावतं समालोचन करायचे, तेव्हा ऐकणाऱ्याला काही दिसत नसे, म्हणून प्रत्येक चेंडू सांगावाच लागे. टप्पा कुठे पडला, फलंदाज पुढे आला की मागे गेला, क्षेत्ररक्षक कुठे उभा. निर्धाव चेंडूलाही त्यात पूर्ण वाक्य मिळे. आता आयपीएल मराठी समालोचनासह फोनवर ऐकता येतं, ही फार आनंदाची गोष्ट आहे. त्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की दोन चेंडूंमधल्या गप्पा थोड्या कमी करून क्षेत्ररक्षण सांगा. दृश्य वाहिनी देत नसेल तर शब्द तुमच्या हातात आहेत. डीप पॉइंट मागे गेला एवढं म्हणायला तीन सेकंद लागतात.

विश्वचषक जिंकून संघ आला तेव्हा 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी विधानभवनात रोहित, सूर्यकुमार, दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा सत्कार झाला, आणि तिथेही सूर्यकुमारचा तो झेलच सगळ्यांच्या तोंडी होता. शेवटच्या षटकाचा पहिला चेंडू, मिलरचा सरळ फटका, दोरीच्या कडेवर झेल, चेंडू वर उडवून आत येऊन पुन्हा पकडणं. तो झेल अप्रतिमच होता आणि त्याच्याशिवाय सामना गेला असता. पण तो झेल घेण्याची वेळ आली, कारण मिलरला त्या चेंडूवर षटकार मारण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. आणि ती परिस्थिती अर्शदीपच्या एकोणिसाव्या षटकाने आणली होती, ज्यात चारच धावा गेल्या.

त्या संघाचा गोलंदाजी प्रशिक्षक पारस म्हांब्रे होता. आपला मुंबईचा, स्वतः मध्यमगती गोलंदाज, मराठीत मोकळेपणाने बोलणारा. त्याला एखाद्या मराठी वाहिनीने किंवा दिवाळी अंकाने निवांत बसवावं, अर्शदीपचं ते एकोणिसावं षटक जाहिरातीशिवाय लावावं, आणि एकेका चेंडूला थांबवून विचारावं: इथे क्षेत्ररक्षण काय होतं, मिलरला काय टाकायचं ठरलं होतं, महाराजला काय, आणि ठरलेलं कुठल्या चेंडूला बदललं. तासभर लागेल. मी वही घेऊन बसेन.